गहाण घरातून काय न्यावे?

कर्जापायी कोणाचे घर गेले, ही वार्ता कानी आली म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम सहानुभूती आणि तिच्या पाठोपाठ कुतूहल उत्पन्न होते. कर्ज किती होते, ते का थकले, दोष कोणाचा, असे प्रश्न विचारले जातात. परंतु जो गृहस्थ घर सोडावयास निघाला आहे, त्याच्यापुढे त्या घटकेस निराळाच, आणि वरकरणी क्षुल्लक वाटणारा, प्रश्न उभा असतो. या घरातले आपण बरोबर काय न्यावे व मागे काय ठेवावे? छताचा पंखा न्यावा काय? खिडक्यांच्या जाळ्या? ओट्याखालची कपाटे, न्हाणीघरातला गिझर, भिंतीत बसवलेले देवघर? वकिलास विचारले तर तो कलम सांगेल, आणि ते जाणून घेणे अवश्यही आहे. तथापि आमच्या मते हा प्रश्न मुळात नीतीचा आहे. कायद्याने दिलेले त्याचे उत्तर बरेचसे शहाणपणाचे असले तरी पुरेसे नाही.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां मंडळींना घर सोडण्याची सवय आहे. बदलीचा हुकूम येतो, सरकारी क्वार्टर रिकामे करावे लागते. चौकशी कार्यालयाचा मनुष्य यादी घेऊन येतो, पंखे मोजतो, नळ फिरवून पाहतो, एखादी काच तडकलेली असल्यास तिची नोंद करतो, आणि आपण सही करून किल्ली त्याच्या हाती देतो. पदरच्या पैशांनी ठोकलेली फळी आपण काढून नेतो, आणि मागच्या अंगणातला कढीपत्ता शेजाऱ्यांच्या स्वाधीन करतो. यात कोणास अन्याय वाटत नाही. कारण ते घर आपले नव्हे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

गहाण घराची गोष्ट इतकी सरळ नसते. ते घर ऋणकोचे असते आणि त्याच वेळी त्यावर धनकोचा हात असतो. आपल्यापैकी ज्यांनी सरकारकडून घरबांधणी अग्रिम घेतला आहे, त्यांचे घर तर भारताच्या राष्ट्रपतींकडे गहाण असते. प्रथम मुद्दल, फार तर १८० हप्त्यांत, आणि नंतर व्याज, फार तर ६० हप्त्यांत, फेडावयाचे; तोवर राष्ट्रपती आपले सावकार! हप्ते वेतनातून परस्पर कापले जातात म्हणून या थोर नात्याची आपल्याला जाणीव होत नाही, एवढेच. बँकेच्या कर्जदारास ही जाणीव होते, ती हप्ता चुकू लागल्यावर.

आता कायदा पाहू. आपला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. ‘जमिनीस संलग्न’ कशाला म्हणावे, हे त्याच्या तिसऱ्याच कलमात सांगितले आहे. झाडेझुडपे जमिनीत मूळ धरतात, ती संलग्न. भिंती व इमारती जमिनीत रुतलेल्या असतात, त्या संलग्न. आणि अशा रुतलेल्या वास्तूचा कायमचा व लाभदायक उपभोग घेता यावा म्हणून तिला जे जखडलेले असते, तेही संलग्न. सारी मेख आहे ती या तिसऱ्या प्रकारात. वस्तू किती घट्ट ठोकली आहे, एवढेच पाहावयाचे नाही. ती कोणाच्या सोयीसाठी ठोकली, घराच्या की त्या वस्तूच्या स्वतःच्या, हे पाहावयाचे.

इंग्लंडमध्ये १८७२ साली ‘हॉलंड विरुद्ध हॉजसन’ या खटल्यात हाच विचार मांडला गेला. एका गिरणीमालकाने गिरणी गहाण ठेवली होती आणि तिच्यातील माग जमिनीला खिळ्यांनी ठोकलेले होते. ते माग गहाणात आले की नाही, हा वाद. आले, असा निर्णय झाला. त्या निर्णयात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दिलेले दाखले आम्हांस फार मार्मिक वाटतात. एकावर एक नुसते रचलेले दगड जर कुंपणाची भिंत म्हणून रचले असतील, तर त्यांत चुन्याचा थेंब नसला तरी ते जमिनीचा भाग होत. तेच दगड विक्रेत्याच्या आवारात रचून ठेवले असतील, तर ते जंगम. उलट जहाजाचा नांगर समुद्राच्या तळाशी कितीही खोल रुतो, तो काही त्या भूमीचा होत नाही. पुढे १९९६ साली, एका बँकेने ताब्यात घेतलेल्या सदनिकेविषयी तेथील अपील न्यायालयाला एकेक वस्तू हाती घेऊन निवाडा करावा लागला. न्हाणीघरातील नळ व स्वयंपाकघरातील बांधीव कपाटे घराची ठरली. गालिचे, पडदे आणि स्वयंपाकाची यंत्रे घरमालकाची ठरली. छताच्या पंख्याविषयी मात्र, आपल्याकडे तरी, दोन प्रामाणिक माणसांचे दुमत होऊ शकेल.

येथवर सामान्य माणसाची तक्रार नसते. भिंती बँकेच्या, पडदे आपले, हे त्याला पटते. त्याला बोचते ते त्याच अधिनियमाचे सत्तरावे कलम. गहाण टाकल्यानंतर त्या मालमत्तेत जी भर पडेल, तीही, विरुद्ध करार नसेल तर, तारणातच धरली जाते. समजा, २०१५ साली कर्ज काढून घर घेतले, २०१९ साली घरातील स्त्रीने भिशीचे पैसे घालून स्वयंपाकघराला उत्तम कपाटे करून घेतली, आणि २०२४ साली हप्ते थकले. त्या कपाटांसाठी बँकेने एक दमडी दिलेली नाही. तरी कपाटे घराबरोबर जाणार. हा कोठला न्याय, असे कोणीही विचारील.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी अशा जागी थोडी निराळी वाट धरली होती. परक्याच्या भूमीवर भाडे देऊन जो घर बांधतो, त्याने ती सोडताना गवत, लाकूड, विटा घेऊन जाव्या, असे नारदस्मृतीत म्हटले आहे; भाडे न देता, मालकाच्या इच्छेविरुद्ध राहणाऱ्याला मात्र ती मुभा नाही. पुढे १८६६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही असेच ठरविले, की आपला हक्क आहे असे प्रामाणिकपणे समजून ज्याने दुसऱ्याच्या भूमीवर इमारत उभारली, त्याने तिचे सामान न्यावे, किंवा इमारत ठेवून घ्यावयाची असल्यास भूमीच्या मालकाने त्याला मोबदला द्यावा. म्हणजे जे रोवले ते भूमीचे, हा पाश्चात्त्यांचा दंडक आपल्याकडे पूर्वीपासूनच सैल होता. मग गहाणदारालाच ही सवलत का नाही?

आमच्या मते याचे कारण खिळ्यात नाही, दिलेल्या शब्दात आहे. भाडेकरूच्या विटांवर विसंबून कोणी कोणाला पैसे दिलेले नसतात. गहाणदाराने मात्र घराकडे बोट दाखवून म्हटलेले असते, “मी फेडले नाही, तर हे आहे.” बँकेचा मूल्यांकनकार येतो, खोल्या मापतो, फरशी पाहतो, आणि त्या पाहण्याच्या भरवशावर रक्कम हाती पडते. तेव्हा जे दाखवले, ते मागे ठेवणे हा केवळ कायद्याचा धाक नव्हे, तो वचनाचा भाग आहे. मूल्यांकनाच्या दिवशी असलेले दार जाताना चौकटीतून उचकटून नेणे, ही आपल्याच वस्तूची चोरी होय. हा शब्दप्रयोग विचित्र वाटेल, पण गहाण ही वस्तूच अशी आहे की तीत मनुष्य आपल्याच मालकीच्या वस्तूचा चोर होऊ शकतो.

या कसोटीने पाहिले तर मागाहून केलेल्या कपाटांविषयीची तक्रार अगदीच निराधार नाही. ती कोणाला दाखविली नव्हती. नीतीच्या दृष्टीने त्यांच्यावर गृहिणीचा अधिकार बँकेहून अधिक आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणू. पण कायदा स्पष्ट आहे आणि तोही केवळ निष्ठुरपणाने केलेला नाही. जी वस्तू घरात राहते तिच्यामुळे लिलावाची किंमत चढते. येणे वळते होऊन काही उरले, तर २००२ सालच्या ज्या कायद्यास व्यवहारात ‘सरफेसी’ म्हणतात, त्या कायद्यानेच ते ऋणकोला परत करावयाचे आहे. आणि कमी पडले, तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. तेव्हा कपाटे उचकटून भंगाराच्या भावाने विकणारा मनुष्य बहुधा स्वतःच्याच खिशाला कात्री लावीत असतो. शिवाय ६० दिवसांची नोटीस हाती पडल्यावर तारणातली वस्तू, नित्याच्या व्यापारउदीमाचा अपवाद सोडल्यास, बँकेच्या लेखी संमतीवाचून विकता येत नाही. तसे करणे हा गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. या संमतीत एक सोय दडलेली आहे, ती लोकांना सहसा सुचत नाही. विचारता येते. एक अर्ज लिहावा, त्यात वस्तूंची यादी द्यावी, काय न्यावयाचे आहे ते सांगावे. अर्ज लिहिण्यात आपण कारकून मंडळी तरी कमी पडू नये.

हिशेब घरात वस्तू ठेवण्याच्या बाजूने असतो तेव्हा प्रामाणिकपणा सोपा असतो. खरी परीक्षा होते ती हिशेब उलटा असतो तेव्हा. अमेरिकेत २००७-०८ च्या सुमारास घरांच्या किमती कोसळल्या आणि लक्षावधी कुटुंबांची घरे कर्जात गेली. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत घरखरेदीसाठी काढलेल्या कर्जाची घरविक्रीनंतर उरलेली तूट कर्जदाराकडून वसूल करता येत नाही. म्हणजे घरातून काही काढून नेले तर नुकसान बँकेचे, आपले काही नाही. त्या दिवसांत कित्येकांनी भिंतींतील तांब्याच्या नळ्या उपसून नेल्या, स्वयंपाकघरे मोकळी केली. काहींनी तर, विकण्याजोगे काही नव्हते तेथे, नुसतेच फोडून ठेवले. शेवटी बँका कर्जदारांना पैसे देऊ लागल्या, घर झाडून, धडधाकट ठेवून किल्ली आणून द्यावी म्हणून. किल्लीचे असे रोकडे मोल यापूर्वी कधी ठरले असेल असे वाटत नाही.

या माणसांना नुसते चोर म्हणून मोकळे होणे आम्हांस रुचत नाही. त्यांतील अनेकांना न समजणाऱ्या अटींवर कर्जे देण्यात आली होती. ज्यांनी दिली त्यांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात मारून आपले कमिशन पदरात पाडून घेतले होते. ज्याच्याशी व्यवहार केला त्याला चेहरा नाही. तार करावी तर कोणाला, भांडावे तर कोणाशी? मग हात भिंतीवर पडतो. पण भिंतीला इजा झाली म्हणून बँकेला कळ येत नाही. कळ येते ती शेजाऱ्याला, ज्याच्या भिंतीस ओल लागते. आणि पुढच्या खरीदाराला, जो बहुधा आपल्याच ऐपतीचा, लिलावातले घर स्वस्त मिळते म्हणून आलेला संसारी मनुष्य असतो. सुडाला पत्ता हवा असतो, आणि येथे तो चुकीचा लिहिला जातो.

याच संदर्भात आपल्या मुलखातील एक जुनी घटना आठवते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्या दंग्यांत लूटमार झाली, जाळपोळही झाली, हे खरे. पण त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. रोखे हाती आले की बहुतेक ठिकाणी दंगा शमे. निरक्षर म्हणविल्या गेलेल्या त्या कुणब्यांना आपले शत्रुत्व कशाशी आहे, हे नेमके ठाऊक होते. चारच वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. दंग्यांचे समर्थन करावयाचे नाही. एवढेच म्हणावयाचे, की रागालाही विवेक असू शकतो.

आजच्या कर्जदाराला रोखा जाळण्याची गरज नाही; बँकेची कारवाई अन्याय्य असेल तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. असे कायदा म्हणतो. पण ज्याच्याजवळ हप्त्याला पैसे नाहीत त्याने वकिलाला कोठून द्यावेत, याचे उत्तर त्या कायद्यात नाही, आणि आमच्याजवळही नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या सहासष्टाव्या कलमात मात्र मनुष्यस्वभावाची जाण दिसते. ताबा असलेल्या गहाणदाराने घर नुसते पडू दिले, डागडुजी केली नाही, तर त्याबद्दल तो, करारात तसे काही नसल्यास, जबाबदार नाही. पण तारण अपुरे असताना किंवा तेणेकरून अपुरे होत असताना, घराचा नाश करणारे किंवा त्यास कायमची इजा पोचविणारे कृत्य त्याने करता कामा नये. इमारतीचे तारण पुरेसे केव्हा म्हणावयाचे, तर तिची किंमत येण्याहून निम्म्याने अधिक असेल तेव्हा. हात न लावणे आणि हात उगारणे यांत कायदा भेद करतो. जाणारे घर कोण रंगवील? ज्याचे चित्त थाऱ्यावर नाही, त्याने गळकी तोटी दुरुस्त केली नाही तर तो दोष क्षम्य आहे. परंतु अंगणातले आंब्याचे झाड, आता याची फळे दुसरा खाणार म्हणून, जो जाण्याच्या आदल्या रात्री तोडतो, त्याला क्षमा करणे आम्हांस जड जाते.

आता पारड्याच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. ऋणकोने काय ठेवावे याचीच चर्चा फार होते. धनकोने कशास हात लावू नये याची होत नाही. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठीही काही वस्तू जप्त करता येत नाहीत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात आहे: ऋणको व त्याच्या बायकामुलांचे अवश्य ते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, त्याचे बैल आणि बियाणे. ही यादी आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाटते की रुक्ष कायद्याच्या पुस्तकात हे एक पान कोणा संसारी माणसाने लिहिले असावे. मनुष्याला कर्जातून उठून पुन्हा चूल मांडता आली पाहिजे, हे त्यात गृहीत धरले आहे.

घराच्या साध्या कर्जात तर जंगम वस्तू तारण नसतातच. पण व्यवहारात असे घडते, की जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या साहाय्याने ताबा घेण्याचा दिवस उजाडतो, कुटुंब आशेवर बसून राहिलेले असते, आणि सामानासकट दाराला कुलूप पडते. पंचनामा होतो, यादी होते, सामान सुरक्षितही राहते. परंतु कुलपाआड म्हाताऱ्याची औषधे राहिली, मुलीची परीक्षा तोंडावर असताना पुस्तके राहिली, तर ‘अर्ज करा, मिळेल’ हे उत्तर कायदेशीर असूनही माणुसकीचे नाही. ज्या अधिकाऱ्याला ताबा घ्यावयाचा आहे त्याने अर्धा तास थांबावे. त्या अर्ध्या तासाला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

आमच्या परिचयातील एक सद्गृहस्थ, दुसऱ्या एका मंत्रालयात काम करणारे, काही वर्षांपूर्वी या प्रसंगातून गेले. पूर्व दिल्लीतील सदनिका, मुलाच्या धंद्यासाठी घरावर आणखी कर्ज काढलेले, धंदा बुडाला. नोटिशीनंतर एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी कागद-पेन्सिल घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडत होत्या. “भाऊजी, हे काढायचे की ठेवायचे, तेवढे सांगा,” असे म्हणत त्यांनी एकेक वस्तू दाखविली. गृहस्थांचे धाकटे बंधू तेथे होते, त्यांचे म्हणणे, “दादा, पार फरशीसुद्धा उखडून न्या, त्यांनी आपल्याला सोडले आहे काय?” दादांनी काही उत्तर दिले नाही. वहिनी म्हणाल्या, “आपण आलो तेव्हा मागच्या लोकांनी नळसुद्धा नेले होते. पहिली रात्र बादलीवर काढली. मी नाही तसे करणार.”

अर्ज केला. दोन पंखे व गिझर नेण्यास बँकेने संमती दिली, मात्र वायरींची तोंडे नीट बंद करावीत या अटीवर. ओट्याखालच्या कपाटांना नकार आला. देवघर साताऱ्याहून आणलेले, सागवानी, भिंतीला स्क्रूने जखडलेले. ते कोणत्या रकान्यात लिहावे, हे पाहणीस आलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्यांनाही उमगेना. त्यांनी थोडा वेळ विचार करून, ते यादीत घेतलेच नाही. भिंतीतली चार भोके दादांनी स्वतः पुट्टीने बुजवली. दाराच्या चौकटीवर दोन्ही मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, तारखांसह, २००९ पासूनच्या. चौकट न्यावयाची नव्हती. थोरल्या मुलीने एक लांब कागद चौकटीवर धरून त्या साऱ्या खुणा व तारखा त्यावर उतरवून घेतल्या.

सदनिका तिसऱ्या लिलावात विकली गेली. येणे फिटून थोडी रक्कम उरली. ती हाती पडावयास आणखी सात महिने आणि चार अर्ज लागले.